'स्पर्श' पुन्हा पाहताना

सई परांजपे म्हटलं की आपल्याला आधी 'चश्मे बद्दूर' आणि 'कथा' आठवतात. हसवणाऱ्या सई. 'स्पर्श' त्या दोन्हींच्या आधीचा. दिल्लीतल्या एका अंधशाळेत, तिथल्याच मुलांना घेऊन केलेला. १९७९च्या चित्रपटांसाठीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो उत्कृष्ट हिंदी चित्रपट ठरला. नसीरुद्दीन शाहला अभिनयाचा आणि सईंना पटकथेचा पुरस्कार मिळाला.

लग्नाआधी मी तो दूरदर्शनवर आईबरोबर पाहिला होता. दोघींच्या डोळ्यांत पाणी होतं. गेल्या महिन्यात पुन्हा पाहिला तेव्हा रडू आलं नाही. मान खाली गेली. कारण मधल्या काळात मी स्वतःच त्यातली कविता होऊन आले होते.

गोष्ट बहुतेकींना माहीत असेल. अनिरुद्ध हा अंधशाळेचा मुख्याध्यापक आणि स्वतः अंध. डॉक्टरांचं घर शोधताना एक गाणं कानावर पडतं आणि तो भलत्याच दारात जाऊन उभा राहतो. गाणारी कविता (शबाना आझमी) लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा झालेली, घराबाहेर न पडणारी. पुढे मैत्रिणीच्या घरी दोघं पुन्हा भेटतात, तो तिला आवाजावरून ओळखतो. शाळेत मुलांना गाणं शिकवायला, गोष्टी सांगायला, हस्तकला शिकवायला माणसं हवी आहेत, असं सांगतो. मैत्रीण आग्रह करते आणि कविता जायला लागते.

पाहा, इथेच सई परांजपे एक अवघड गोष्ट सांगून जातात. शाळेला कविता हवी आहे हे खरं, पण कवितेला शाळा त्याहून जास्त हवी आहे. तिचं घर रिकामं आहे. ती ज्याला सेवा म्हणते, त्यात तिची स्वतःची भूक मिसळलेली आहे. दिग्दर्शिका तिला त्यासाठी दोष देत नाही, फक्त ते झाकत नाही.

म्हणूनच कॉफीचा तो लहानसा प्रसंग मला सगळ्यात मोठा वाटतो. अनिरुद्धच्या ऑफिसात कॉफी आलेली असते. कविता चटकन मदतीला सरसावते आणि तो चिडतो. आपण म्हणू, काय हा ताठा! पण ते ऑफिस त्याचं आहे, पाहुणी ती आहे. आपल्या घरी आलेल्या बाईनं आपल्या हातातली किटली काढून घेतली, तर आपल्याला चालेल का?

आता माझं सांगते. चार वर्षांपूर्वी दशलक्षण पर्वात, उत्तम त्यागाच्या दिवशी, आमच्या मंडळाच्या बायका बेळगावातल्या अंध मुलींच्या एका वसतिगृहात फळं आणि शाली वाटायला गेलो. फोटो झाले. निघताना एका मुलीनं विचारलं, "तुमच्यात कुणाला वाचायला वेळ आहे काय ओ, काकू? फळं मिळतात आम्हाला." मुलगी खानापूरकडची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. मी हात वर केला आणि तिला तो दिसणार नाही हे लक्षात येऊन लाजले.

मंगळवार-शुक्रवार जाऊन मी तिला इतिहासाचं पुस्तक वाचून दाखवायला लागले. ती ते फोनवर रेकॉर्ड करायची. वाचताना मी काय काय करायची! सनावळ्यांची पानं कंटाळवाणी म्हणून गाळायची. मध्येच थांबून समजावून सांगायची. लढाई आली की आवाज चढवायची. घरी कुणी माझं इतकं ऐकून घेत नव्हतं, हेही खरं. परीक्षा झाल्यावर ती म्हणाली, "काकू, तुम्ही मधली पानं गाळली होती काय? त्यातलाच प्रश्न आला होता." मी काहीतरी बोलले. ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही वाचा. महत्त्वाचं काय ते मी ठरवते."

पुतणीच्या लग्नात मी दोन शुक्रवार गेले नाही आणि फोनही केला नाही. फुकट तर करतोय, असं मनात कुठेतरी होतं. ती दोन्ही दिवस टेबलाशी बसून होती, हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं.

'स्पर्श'मध्ये कविता पुढे शाळेत पगारी नोकरीला लागते. ही गोष्ट पूर्वी माझ्या लक्षातच राहिली नव्हती. आता वाटतं, तिथे चित्रपटाचा मोठा शहाणपणा आहे. लग्न मोडतं तरी शाळेतलं काम तिला टाकता येत नाही. पगार घेणाऱ्याला न येण्याचं उत्तर द्यावं लागतं. पैसे न घेता येणाऱ्यानं तर ते उत्तर स्वतःहून द्यायला हवं, कारण त्याला ते कुणी विचारत नाही.

चित्रपट मला कमी पडतो तो शेवटी. दुबे (ओम पुरी) या अंध मित्राची बायको नुकतीच वारलेली असते. ती आपल्याबरोबर सुखी नव्हती, हे तो अनिरुद्धला सांगतो. अनिरुद्धला शंका येते, कविताही आपल्याशी त्याग म्हणून तर लग्न करत नाही ना? कारण न सांगताच तो लग्न मोडतो. शंका रास्त आहे. पण चित्रपट पुढे तिला त्याच्या अहंकाराच्या खात्यावर टाकतो आणि प्रेम जिंकून सगळं सुटतं. तिच्या त्यागाच्या हौसेचं काय झालं, हा प्रश्न तसाच राहतो. प्रेमकथेत तो चालून जातो. पण आपण ज्यांना मदत करायला जातो त्यांच्याशी काही आपली लग्नं होत नाहीत. आपल्याला तो प्रश्न सोडवूनच त्या दारात शिरावं लागतं.

आपल्याकडे वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, हे अंतरंग तप मानलंय. सहा अंतरंग तपांच्या यादीत त्याच्या लगेच आधी विनय येतो. लहानपणापासून पाठ म्हणत आले, हा क्रम कधी मनावर घेतला नव्हता.

कॉलेज रोड ओलांडताना मी त्या मुलीचा दंड घट्ट धरून तिला जवळजवळ ओढत न्यायची. एके दिवशी तिनं माझा हात सोडवला आणि स्वतः माझं कोपर धरलं. "असं, काकू. तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला. थांबलात की मला कळतं." पुढे समजलं की अंध व्यक्तीला सोबत करायची शिकवलेली रीत हीच आहे. कोपर आपलं, पण धरायचं त्यांनी.

'स्पर्श' जरूर पाहा, पाहिला असेल तर पुन्हा पाहा. या वेळी डोळे पुसायची घाई नको. कविताचे हात कधी पुढे होतात आणि अनिरुद्धचा चेहरा तेव्हा काय सांगतो, तिकडे लक्ष ठेवा.

आता ती एम.ए.ला आहे. मंगळवार-शुक्रवार सुरू आहेत. सनावळ्या मी एकही न गाळता वाचते.