नायिकेचा चेहरा कोणाचा?

बहारीनहून आमच्याकडे एक कादंबरी आली आहे. ती छापलेली नाही. आडव्या रेघांच्या सहा वह्यांमध्ये निळ्या शाईने, स्वच्छ अक्षरात लिहिलेली आहे. लेखिका आपल्याच समाजातली. माहेर अलिबाग तालुक्यातले. यजमानांच्या नोकरीमुळे ती मनामाला गेली आणि आयुष्याची बरीच वर्षे तिने तिथेच काढली. आपले नाव छापू नये असे तिने कळवले आहे, म्हणून येथे आम्ही तिला ‘लेखिका’ एवढेच म्हणू. कादंबरीलाही अजून नाव नाही. ते आम्हीच सुचवावे अशी तिची विनंती आहे.

आम्ही पाच जणांनी मिळून त्या सहा वह्या मोठ्याने वाचून काढल्या. आमच्यातल्या दोघांना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून बाकीच्यांनी पाळीपाळीने वाचले. वाचनाला पाच शनिवार संध्याकाळी लागल्या. एकदाही कोणी ‘उरलेले राहू द्या’ म्हणाले नाही, ही पहिली पावती लेखिकेने आमच्याकडून घ्यावी.

वह्यांबरोबर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबाही आला. त्यात पुठ्ठ्याची कार्डे होती. प्रत्येक कार्डावर जुन्या सिनेमासिकातून कापलेला एक फोटो आणि खाली पात्राचे नाव. लेखिका पत्रात लिहिते की समोर चेहरा असल्याशिवाय आपल्याला कोणाच्या तोंडी वाक्य घालता येत नाही. म्हणून आधी सिनेमा ठरवला, मग कादंबरी लिहिली. हे वाचून आम्हाला आधी हसू आले. पण वाचन पुढे सरकत गेले तसे लक्षात आले की कादंबरीत जे साधले आहे आणि जे फसले आहे, त्या दोन्हींचे मूळ त्या डब्यात आहे.

कथा थोडक्यात अशी. साल १९९४. रेवदंड्याची रिबका मनामाच्या एका कचेरीत टंकलेखिका म्हणून लागते. बाजारात कापडाचे दुकान असलेल्या एका यहुदी घरातला योसेफ तिला भेटतो. त्याचे पणजोबा बसऱ्याहून आलेले. बहारीनचे यहुदी बहुतेक इराकमधून आले, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून. डिसेंबर १९४७ च्या दंगलीत मनामाचे सिनेगॉग उद्ध्वस्त झाले आणि पुढे बहुतेक कुटुंबे देश सोडून गेली. जी मूठभर राहिली, त्यांतले एक घर योसेफचे. दोघांचे मन जुळते. योसेफची आई आडवी येते. मुलगी यहुदी आहे हे तिला मान्य आहे. पण ‘हिंदुस्थानातली’ आहे, हे तिला पचत नाही.

येथे आमच्या वाचनात थोडा वेळ कोणीच बोलले नाही. ‘किती पिढ्यांपासून?’ हा त्या आईचा प्रश्न आम्ही कादंबरीत पहिल्यांदा ऐकलेला नाही. १९६२ साली येथल्या मुख्य रब्बीनेटने आपल्या लग्नांआधी मागच्या पिढ्यांची चौकशी करण्याचे फर्मान काढले, तेव्हा आमच्यातले काही जण लग्नाच्या वयाचे होते. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेमला धरणे धरून बसलेली माणसे आपल्यातलीच होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत असा ठराव क्नेसेटने केला. त्याआधी मुंबईतही बगदादी मंडळी आपल्यापासून अंतर राखूनच होती. लेखिकेने या जखमेला हात घातला, यासाठी तिचे कौतुक केले पाहिजे. आपल्याकडच्या गोष्टी बहुधा नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतापाशी सुरू होतात आणि आलियापाशी संपतात. घरातल्या घरात झालेला अपमान कोणी लिहीत नाही.

आता त्या डब्याकडे वळू. योसेफच्या कार्डावर दिलीपकुमार आहे. कारण लेखिकेनेच दिले आहे: त्याचे खरे नाव युसूफ, आणि बिमल रॉय यांच्या १९५८ च्या ‘यहुदी’ चित्रपटात तो यहुद्याचे सोंग घेतो. वडिलांच्या कार्डावर आपले डेव्हिड अब्राहम चेऊलकर. योसेफच्या आईच्या जागी उतारवयातली सुलोचना, म्हणजे पुण्याची रूबी मायर्स. आणि रिबकाच्या कार्डावर नादिरा. ‘आन’मध्ये १९५२ साली दिलीपकुमारसमोर राजकन्या होऊन आलेली ती नादिरा.

गोष्ट १९९४ ची आणि चेहरे चाळीस वर्षांपूर्वीचे, याला आमची हरकत नाही. प्रत्येकाच्या मनातला सिनेमा त्याच्या तरुणपणीच थांबलेला असतो. हरकत वेगळी आहे. नादिरा म्हणजे फ्लॉरेन्स इझिकेल. ती बगदादी घराण्यातली. कादंबरीत बगदादी सासू ज्या मुलीला ‘आमच्यातली नाही’ म्हणते, त्या आपल्या मुलीला लेखिकेने चेहरा दिला तो बगदादीच! ज्या घराच्या दारात रिबकाला ताटकळत उभे राहावे लागते, त्याच घरातले रूप तिने उसने घेतले आहे. लेखिकेने हे जाणूनबुजून केले असते तर फार मोठी गोष्ट झाली असती. पण पत्रावरून दिसते की तिला नादिरा फक्त ‘सुंदर आणि आपली’ वाटली.

याचा दोष एकट्या लेखिकेला देता येणार नाही. सिनेमाने आपल्याला काय दिले ते आठवून पाहा. सुलोचना, प्रमिला, नादिरा या गाजलेल्या यहुदी नट्या आपल्या समाजातल्या नव्हत्या. कलकत्त्याची एस्थर अब्राहम प्रमिला झाली आणि १९४७ साली ‘मिस इंडिया’ही झाली, तीही बगदादी. आपल्यातली सुझन सॉलोमन पडद्यावर आली ती फिरोझा बेगम या नावाने. ‘आलम आरा’ हा १९३१ चा पहिला भारतीय बोलपट ज्यांच्या नाटकावर उभा राहिला ते जोसेफ डेव्हिड पेणकर आपले; पण ती गोष्ट राजवाड्यातली होती, पेणची नव्हे. डेव्हिडने ‘बूट पॉलिश’मध्ये जॉनचाचा असा केला की १९५४ चा तो चित्रपट त्याच्या नावानेच लोकांच्या लक्षात राहिला. पुढे कितीतरी चित्रपटांत तो सगळ्यांचा काका आणि मामा झाला. चेऊलकर मात्र कोणत्याही चित्रपटात झाला नाही. ‘यहुदी’त यहुद्याचे काम सोहराब मोदींनी केले, ते पारशी. आणि त्यातली हन्ना, म्हणजे मीनाकुमारी, शेवटी यहुद्याची लेक नसून रोमन अधिकाऱ्याची लेक निघते. थोडक्यात, आपली माणसे दुसऱ्यांची सोंगे घेत राहिली आणि आपले सोंग दुसऱ्यांनी घेतले. मग मनामात बसून आपल्या मुलीची प्रेमकथा लिहिणाऱ्या बाईने तिच्यासाठी फोटो शोधायचा तरी कुठून?

उसन्या चेहऱ्याबरोबर उसने हावभाव येतात, हा खरा तोटा. रिबका रेवदंड्याच्या घरात वाढलेली, अंगणातल्या तुळया आणि सुपाऱ्या वेचलेली मुलगी. कचेरीत ती खाली मान घालून काम करते असे लेखिका तीन वेळा सांगते. पण योसेफच्या आईसमोर उभी राहताच तिची एक भुवई वर जाते, ओठ तिरका होतो आणि ती वळून निघून जाते. आमच्यातली एक भगिनी लगेच म्हणाली, “ही ‘श्री ४२०’मधली माया आली!” बरोबर आहे. रिबका तेथे नाहीच. त्या आईला काय उत्तर द्यायचे, हा कादंबरीचा गाभा. आणि नेमक्या त्या क्षणी लेखिकेने नायिकेला एक भुवई देऊन वेळ मारून नेली आहे.

पुढे समेट होतो तोही सोपा. सणाला रिबका गव्हाच्या चिकाचा हलवा करते, सासू वडी तोंडात टाकते आणि विरघळते. हलव्याचे वर्णन उत्तम आहे. चीक काढण्यापासून नारळाच्या दुधापर्यंत सगळे बरोबर, ढवळताना हात भरून येतो तेसुद्धा. पण वाचकहो, १९६४ साली आम्ही हलवा वाटून ठराव मिळवला नव्हता. रिबकाच्या तोंडी दोन वाक्ये हवी होती, साधी, आपल्या बोलीतली. मग हलवा चालला असता. लग्न कुठे होणार, हेही लेखिका सांगत नाही. तेव्हा मनामाच्या सिनेगॉगला कुलूप होते आणि मिन्यानला दहा पुरुष नव्हते. मुंबईला जायचे तर भायखळ्याच्या बगदाद्यांच्या मागेन डेव्हिडमध्ये, की जेकब सर्कलजवळच्या आपल्या मागेन हसिदीममध्ये? हा प्रश्न आमच्या पाचांच्याही ओठांवर होता. कादंबरी विमानतळावरच संपते.

एवढे दोष सांगितल्यावर आता त्या कार्डांत नसलेल्या माणसाविषयी सांगतो. डब्यात दिनाआत्याचे कार्ड नाही. ही रिबकाची विधवा आत्या चौथ्या वहीत दोन महिन्यांसाठी मनामाला येते, ट्रंकेत पोहे, वाल आणि सोललेले नारळ घेऊन. विमानतळावरचा अधिकारी नारळ हलवून पाहतो, तेव्हा ती त्याला मराठीत सांगते की पाणी आहे, बॉम्ब नाही. तेव्हा बहारीनमध्ये साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची. शनिवारची सुट्टी २००६ साली सुरू झाली. म्हणून रिबका शब्बाथच्या दिवशी कचेरीत जाते आणि जाताना आत्याच्या डोळ्यांकडे बघत नाही. शनवार तेल्यांची पोर! ज्यांनी कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून गावाने ज्यांना नाव दिले, त्यांची मुलगी शनिवारी बस पकडते. आत्या काही बोलत नाही. संध्याकाळी ती परत येते तेव्हा तिच्या चहाच्या कपावर बशी झाकलेली असते. या पानावर लेखिकेने एकही विशेषण वापरलेले नाही, आणि आम्हाला वाचन थांबवून पाणी प्यावे लागले.

मग मालिद्याचे प्रकरण. आत्या फ्लॅटमध्ये मालिदा करायचे ठरवते. रिबका घाबरते: शेजाऱ्यांना हिब्रू ऐकू गेले तर? आत्या खिडक्या लावते, एसी मोठ्या आवाजात सुरू करते आणि त्या घरघरीच्या आडोशाला एलियाहू हन्नाबीचे गाणे सुरू होते. पाहुणा म्हणून योसेफ येतो. सोबत त्याची आजी. ती मराठी शब्द नसतानाही चाल धरते. ती येताना एका पाकिटात जुन्या नोटा आणते, गल्फ रुपयाच्या. १९५९ पासून आखातासाठी हिंदुस्थानातून वेगळ्या छापून येत त्या. बहारीनमध्ये दिनार आला १९६५ साली. तोवर तिथल्या बाजाराचा हिशेब रुपयांतच. आजी आत्याला नोट दाखवते आणि खुणेने सांगते: तुमचे आणि आमचे पैसे एकच होते. समेट खरा येथे झाला आहे, हलव्यापाशी नव्हे. लेखिकेला ते कळलेले नाही, इतके ते सहज उतरले आहे.

आम्ही पत्र पाठवून विचारले की दिनाआत्यासाठी कोणाचा फोटो आहे. उत्तर आले की खूप शोधला, पण तिच्यासारखी बाई कोणत्याच सिनेमात दिसली नाही, म्हणून शेवटी तसेच लिहावे लागले.

हेच उत्तर आम्ही लेखिकेसमोर परत ठेवतो. जिथे फोटो मिळाला नाही तिथे तिला माणूस पाहावा लागला. आपल्याकडे १८८० च्या सुमारास मुंबईत कीर्तन सुरू झाले तेव्हा कीर्तनकाराजवळ कोणता फोटो होता? एकच माणूस उभा राहून योसेफ व्हायचा, त्याचे भाऊ व्हायचा आणि म्हातारा याकोबही व्हायचा. त्या याकोबाचा चेहरा कसा होता हे विचारले तर आमच्या आईने आपल्या वडिलांचा चेहरा सांगितला असता. ज्याला जसा दिसला तसा.

आमचा सल्ला असा आहे. कार्डांनी लेखिकेला धीर दिला, लिहिते केले. म्हणून ती टाकून देऊ नयेत. डेव्हिडचे कार्ड तर वडिलांना शोभले आहे, त्याला हात लावू नये. पण रिबकाचे कार्ड काढून घ्यावे, दुसरी, तिसरी आणि सहावी वही पुन्हा लिहावी, आणि रिबकाला चेहरा द्यायचाच असेल तर लेखिकेने आपल्या मावश्या-आत्यांचा लग्नातला फोटो काढून समोर ठेवावा: मेंदी भरलेले हात, कॅमेऱ्याला घाबरलेले डोळे. त्या मुलींवरही कोणीतरी जीव टाकला होता. नाही तर आज आम्ही येथे बसून हे लिहिले नसते.

कादंबरीला नाव मात्र आम्ही सुचवणार नाही. सहावी वही नव्याने लिहून झाली, रिबकाने त्या आईला उत्तर दिले आणि लग्न कोणत्या सिनेगॉगमध्ये होणार हे आम्हाला कळले, की नाव त्यातूनच सापडेल. वह्या आम्ही नीट बांधून परत पाठवत आहोत. डबाही सोबत आहे. नादिराचा फोटो एका भगिनीने आठवण म्हणून मागून घेतला आहे. लेखिकेची हरकत नसावी.