मालकी तुमची, किल्ली आमची

ओपन सोर्स प्रकल्पाला कोड देताना सही करावा लागणारा 'काँट्रिब्यूटर लायसन्स अ‍ॅग्रीमेंट' कुणी लक्षपूर्वक वाचत नाही. मला तो वाचनीय वाटतो. हॅशिकॉर्पचाच घ्या. कोडचा कॉपीराइट लिहिणाऱ्याकडेच राहतो, पण कंपनीला त्यावर कायमचा, मागे न घेता येणारा, पुढे इतरांना परवाना देण्यासकटचा हक्क मिळतो. घर तुमच्या नावावर, किल्ल्या मात्र कंपनीच्या खिशात.

त्यांचं टेराफॉर्म 'एमपीएल २.०' परवान्याखाली होतं. त्यातली फाइल कुणी बदलून वाटली, तर ती त्याच परवान्याखाली राहते. म्हणजे बाहेरच्यांनी लिहिलेल्या ओळी कंपनीला परस्पर दुसऱ्या परवान्यात नेता आल्या नसत्या. करारामुळे आल्या. ऑगस्ट २०२३मध्ये पुढच्या आवृत्त्यांना 'बिझनेस सोर्स लायसन्स' लागलं, स्पर्धकांना दार बंद झालं. जुना कोड खुलाच राहिला, त्यामुळे 'चोरी' हा शब्द मला अतिरेकी वाटतो. पण फुकट राबलेल्यांना विचारायचीही गरज उरली नव्हती, हे खटकतंच.

लिनक्स कर्नलमध्ये २००४पासून 'साइन्ड-ऑफ-बाय' ही एक ओळ पुरते: हा कोड देण्याचा मला अधिकार आहे, एवढीच ग्वाही. कॉपीराइट हजारोंमध्ये विखुरलेला. सातबाऱ्यावर पन्नास नावं असलेल्या जमिनीसारखा हा कारभार, एकट्याला विकता येत नाही. कंपन्यांच्या वकिलांना ही कटकट वाटते. मला ते कुंपण वाटतं.

टेराफॉर्मच्या जुन्या कोडमधून निघालेलं ओपनटोफूही आता तेवढी एकच ओळ मागतं.