घरी ठेवलेल्या भाताचा रकाना

गेल्या उन्हाळ्यात एका लघुप्रबंधाच्या तोंडी परीक्षेला बाह्य परीक्षक म्हणून गेलो होतो. विद्यार्थी आमच्या भुदरगड तालुक्यातलाच, वेदगंगेकाठच्या एका गावचा. विषय ठरलेल्या साच्यातला होता : निवडक गावांतील ऊस व भात या पिकांचा उत्पादनखर्च आणि उत्पन्न. तक्ते नीटनेटके होते, शेकडेवारी जुळत होती. सहज म्हणून विचारले, "तुमच्या घरी भात किती होतो?" तो लगेच म्हणाला, "एरवी अठरा पोती, सर. यंदा चौदाच झाली." मी त्याच्या प्रबंधातला भाताचा तक्ता उघडला. त्याच्या घरासारख्या लहान शेतकऱ्यांपुढे भाताचे उत्पन्न जवळजवळ शून्य दिसत होते. "मग ही चौदा पोती कुठे गेली?"

"ती विकत नाही आम्ही, सर. खायला ठेवतो. म्हणून धरली नाहीत."

शेजारी बसलेल्या मार्गदर्शकांनी मान डोलावली. पद्धत तशीच आहे, असा त्याचा अर्थ. मुलाला चांगले गुण मिळाले आणि ते मीच दिले.

गारगोटीला परतताना एस.टी.त मी त्या चौदा पोत्यांचा हिशेब मांडला. पोते साठ किलोंचे धरले तर 840 किलो भात. गिरणीतून काढल्यावर साडेपाचशे किलोंच्या आसपास तांदूळ. घरात पाच माणसे. म्हणजे माणशी रोज तीनशे ग्रॅम. शंभर ग्रॅम तांदळाला सुमारे 350 कॅलरी धरल्या तर दिवसाला हजाराच्या थोड्या वर. दारिद्र्यरेषेची चर्चा करताना वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 मध्ये माणशी 2250 कॅलरींचा आधार घेतला होता. त्याच्या निम्म्याच्या जवळपास जाणारे अन्न या प्रबंधात कोठेच नव्हते. ते घरात होते, कणगीत होते, रोजच्या ताटात होते. नव्हते ते फक्त कृषी अर्थशास्त्रात.

हा दोष त्या मुलाचा नाही, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकतो. माझा प्रबंध उसाच्या उत्पादनखर्चावर होता. त्यात 'कौटुंबिक श्रम' नावाचा रकाना होता. आईने किती दिवस भांगलण केली हे मी तिला विचारून लिहिले आणि त्याला गावात बायकांना मिळणाऱ्या मजुरीने गुणले. भांगलणीच्या त्याच दिवशी तिने पहाटे भाकरी थापल्या, दुपारी त्या शेतावर नेल्या, येताना म्हशीसाठी वैरण आणली. यातले काही रकान्यात बसत नव्हते. ऊस तुटल्यावर जनावरांना मिळणारे वाडे, त्या वाड्यावर निघणारे दूध आणि शेण हेही बसत नव्हते. प्रबंध मंजूर झाला. आईला त्यातले आकडे वाचून दाखवले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "एवढंच व्हय?" तेव्हा मला ते कौतुक वाटले होते.

पदव्युत्तर वर्गात आपण हा विषय कसा शिकवतो ते पाहू. विद्यार्थ्याला उत्पादनफलन येते, मागणीची लवचिकता येते, खर्चाच्या संकल्पना येतात. या संकल्पनांचा उगम 1954-55 पासून देशात सुरू झालेल्या शेती व्यवस्थापन अभ्यासांत आहे. प्रत्यक्ष केलेला खर्च व खंड मिळून ए-2, त्यात घरच्या माणसांच्या श्रमाचे मोल मिळवले की ए-2 अधिक एफ-एल, आणि स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलावरचे व्याज धरले की सी-2. हमीभावाची सगळी भांडणे या अक्षरांभोवती फिरतात. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने उत्पादनखर्चावर आधारित भाव ही मागणी रस्त्यावर आणली, आणि आमच्या जिल्ह्यात उसाच्या दराचे आंदोलन दर हंगामाला याच भाषेत बोलते. त्यामुळे विद्यार्थ्याला ही अक्षरे घरबसल्या माहीत असतात. वर्गात तो ती पाठ करतो, मग सहा गावे निवडतो, प्रत्येकी वीस शेतकऱ्यांना प्रश्नावली देतो, अडचणींची क्रमवारी गॅरेट पद्धतीने लावतो आणि शेवटच्या प्रकरणात 'शासनाने वेळेवर व पुरेसा कर्जपुरवठा करावा' अशी शिफारस करतो. अशा शिफारशी मी इतक्या वाचल्या आहेत की, शासनाने त्यातली एखादी अमलात आणली तर मला चुकल्यासारखे वाटेल.

माझा आक्षेप पद्धतीला नाही. मोजमाप हवेच. आक्षेप असा आहे की, काय मोजायचे यावरचा वाद आपण अभ्यासक्रमातून काढून टाकला आणि मोजण्याचे तंत्र तेवढे ठेवले. खरे तर या विषयाचा मराठी मुलखातला इतिहास हा त्या वादाचाच इतिहास आहे.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा अभ्यास 1917 मध्ये प्रसिद्ध केला. (आजच्या विद्यार्थ्यांना हे नाव फ्लॅटच्या जाहिरातींतून माहीत असते.) सरासरी धारणक्षेत्र 1771 मध्ये 40 एकर होते, ते 1915 पर्यंत 7 एकरांवर आले, हा त्यांचा आकडा पाठ्यपुस्तकांत अजून छापला जातो. पण त्या पुस्तकाचे खरे मोल या आकड्यात नाही. मॅन घराघरांत शिरले. जमिनीचे उत्पन्न, बाहेरची मजुरी, कर्जाचे व्याज आणि घराला लागणारा खर्च त्यांनी शेजारी शेजारी ठेवला, आणि नुसत्या जमिनीवर फार थोडी घरे जगू शकतात हे दाखवले. शेत आणि ताट एका तक्त्यात आले होते. मॅन यांची मर्यादाही त्यातच आहे : जगण्यासाठी किती लागते हे ठरवणारा माणूस बाहेरचा होता.

त्यानंतर एकाच वर्षाने, 1918 मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा लहान धारणक्षेत्रांवरील निबंध आला. पदव्युत्तर वर्गाला एकच लेख वाचायला द्यायचा झाला तर मी हा देईन, आणि तो आंबेडकरांचा म्हणून नव्हे, तर वाद कसा घालावा हे शिकवतो म्हणून. मुंबई इलाख्याचे शेती संचालक कीटिंग यांनी 'किफायतशीर धारणक्षेत्र' म्हणजे शेतकऱ्याचे कुटुंब बऱ्यापैकी जगवू शकेल एवढी जमीन, अशी व्याख्या केली होती. आंबेडकरांनी नेमके तिथे बोट ठेवले. ही व्याख्या उपभोगाची आहे, उत्पादनाची नाही. जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे कुटुंबाच्या पोटावरून ठरत नाही. त्यावर लावलेले श्रम आणि भांडवल यांच्या प्रमाणावरून ठरते. आपल्याकडे शेतीवर माणसे जास्त आणि भांडवल कमी, म्हणून नुसते तुकडे जोडून भागणार नाही. जास्तीची माणसे शेतीबाहेर काढणारे औद्योगिकीकरण हवे.

तर्क म्हणून हे बिनतोड आहे. तरी वर्गात शिकवताना मला एक अडचण येते. आंबेडकरांनी पोट व्याख्येबाहेर काढले ते विचार स्वच्छ करण्यासाठी. नंतरच्या अभ्यासक्रमांनी ते विषयाबाहेरच काढले. जास्तीची माणसे कारखान्यात जातील या उत्तरातला 'जाईपर्यंत' हा काळ भुदरगडात शंभर वर्षांनंतरही संपलेला नाही. एक भाऊ मुंबईला किंवा पुण्याला, दुसरा गावात, आणि गावातल्या भाताची दोन पोती दर वर्षी शहरात, ही आमची व्यवस्था आहे. ती दोन पोतीही कोणत्या तक्त्यात नसतात.

1962 मध्ये अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले की, घरच्या श्रमाला बाजारातली मजुरी लावली तर भारतातली बरीचशी शेती तोट्यात दिसते. मग लोक ती करतात कशासाठी? प्रश्न शेतकऱ्याच्या अकलेचा नसून रकान्याचा आहे, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. ते हसतात आणि परीक्षेत पुन्हा तोच रकाना भरतात, कारण गुण त्यालाच आहेत.

ताटाच्या बाजूनेही असाच मोठा वाद झाला आणि तोही आपल्या दोन माणसांत झाला. दांडेकर साताऱ्यात जन्मलेले, पां. वा. सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. दांडेकर-रथांनी 1960-61 च्या किमतींनुसार ग्रामीण भागात माणशी वर्षाला 180 रुपये आणि शहरात 270 रुपये ही किमान खर्चाची रेषा काढली आणि ग्रामीण लोकसंख्येपैकी सुमारे 40 टक्के लोक तिच्याखाली असल्याचे मांडले. जागतिक अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचे काम केलेल्या सुखात्म्यांनी हरकत घेतली. एकाच निरोगी माणसाची अन्नाची गरज दिवसागणिक कमीजास्त होते, शरीर स्वतःला जुळवून घेते, त्यामुळे सरासरी गरजेलाच रेषा मानले तर उपाशी नसलेलेही उपाशी मोजले जातात. 1981 मध्ये दोघांनी एकाच नियतकालिकात एकमेकांना जाहीर उत्तरे दिली. दांडेकरांचे म्हणणे असे की, गरिबी आणि कुपोषण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपण मोजत होतो ती गरिबी.

या वादात कोण जिंकले हा प्रश्न मी वर्गात टाळत नाही. संख्याशास्त्राच्या अंगाने सुखात्म्यांचा मुद्दा वजनदार आहे. पण कमी अन्नाशी जुळवून घेतलेले शरीर काम किती करते आणि वाढते किती, हा प्रश्न त्यांनी पुरेसा गंभीरपणे घेतला असे मला वाटत नाही. भातलावणीच्या आठवड्यात दिवसभर चिखलात वाकलेल्या बाईची सरासरी कोणती धरायची? माझा कल दांडेकरांकडे आहे. मात्र त्यांच्याही हिशेबात घर हे एकच ताट आहे. त्या ताटातले शेवटी कोण जेवते, हे दोघांनीही मोजले नाही.

गारगोटीच्या माणसाने हे सगळे पुण्याकडे बोट दाखवून म्हणावे, याला अर्थ नाही. कारण या विषयाला गावात मुळे धरायला लावण्याचा एक मोठा प्रयत्न इथेच झाला. आजऱ्याजवळच्या बहिरेवाडीत जन्मलेले डॉ. जे. पी. नाईक यांनी पाटगावच्या मौनी महाराजांच्या नावाने इथे मौनी विद्यापीठ उभे केले. पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झालेले नाईक ते हेच. श्रीमाळी समितीच्या शिफारशीवरून 1956 मध्ये केंद्र सरकारने देशात ग्रामीण उच्च शिक्षण संस्था सुरू केल्या. त्यांच्या पहिल्या तुकडीत अमरावतीबरोबर गारगोटी होती. ग्रामीण सेवा पदविकेचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यात गावातले काम सक्तीचे. पदविका पदवीच्या बरोबरीची मानावी असे ठरले, पण तिला मान्यता देण्याबाबत विद्यापीठांत एकवाक्यता नव्हती. पालकांनी साधा प्रश्न विचारला : यावर नोकरी लागते का? पुढे हे शिक्षण विद्यापीठाच्या नेहमीच्या पदवीच्या वाटेला आले. मी त्या पालकांना दोष देत नाही. माझे वडीलही तेच विचारत होते. पण त्या पदविकेबद्दल भाबडेही होऊ नये. गावात राहून काम केल्याने गावाचे अर्थशास्त्र आपोआप कळते, हा तिच्यामागचा विश्वास अपुरा होता. मी गावातच राहत होतो आणि तरीही आईचा दिवस मला मोजता आला नाही.

त्या तोंडी परीक्षेनंतर मी यंदा दोन विद्यार्थ्यांना वेगळे काम दिले आहे. उत्तरदाते 120 नाहीत, बाराच आहेत. जूनपासून पुढच्या मेपर्यंत वह्या ठेवायच्या आहेत. कणगीत आलेले, गिरणीत गेलेले, पाहुण्याला दिलेले, शहरात पाठवलेले, रेशनवर आणलेले, सगळे. ऊस वाढला तसा भात कमी झाला, उसाचे बिल सोसायटीचे कर्ज वळते होऊन बँकेत येते आणि खायचा तांदूळ विकत किंवा रेशनवर येतो, हे बाराही घरांत थोड्याफार फरकाने दिसते आहे. दिवाळीपर्यंतचे सारे लिहून झाले आहे.

अडले आहे ते एका ठिकाणी. घरी ठेवलेल्या भाताला किंमत कोणती लावायची? एक विद्यार्थिनी म्हणते, खळ्यावर व्यापारी देतो ती, कारण विकले असते तर तेवढेच आले असते. दुसरा म्हणतो, गारगोटीच्या दुकानात तांदूळ घ्यायला गेलो तर पडते ती. दोन्हींत बरेच अंतर आहे, आणि पहिली धरली तर ऊस फायद्याचा ठरतो, दुसरी धरली तर काही घरांत भात. शिवाय तिसरी किंमत आहेच. अन्न सुरक्षा कायद्याखालचे माणशी पाच किलो धान्य जानेवारी 2023 पासून फुकट आहे, म्हणजे शून्य. त्या बारांपैकी एका घरच्या मावशींनी शून्याला साफ नकार दिला. म्हणाल्या, "त्यो तांदूळ आन् ह्यो तांदूळ एक हाय व्हय? सणाला कुठला शिजवतो ते इचारा की." विद्यार्थिनीने ते वहीत उतरवून घेतले आहे, आणि कोणत्या रकान्यात घालायचे ते मला विचारले आहे.