नावातच इलाज: लुनासिन आणि आपलं वाचन

आजचा विषय आहे कडधान्यं आणि तृणधान्यांच्या दाण्यांत सापडणारी आरोग्यदायी पेप्टाइड्स. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. मोठ्या प्रथिनाचा एक तुकडा म्हणा हवं तर. त्यांच्यावरच्या आढावा लेखांत एक ठरलेली यादी असते: रक्तदाब उतरवतात, कोलेस्टेरॉल कमी करतात, कर्करोगाला अटकाव करतात. ही यादी कशी तयार होते, ते मी एकाच उदाहरणावरून सांगणार आहे. त्याचं नाव लुनासिन.

लुनासिन सोयाबीनमधलं, 43 अमिनो आम्लांचं. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आल्फ्रेडो गाल्वेझ आणि बेनितो द लुमेन यांनी त्यावर काम केलं आणि 1999 मध्ये त्यांचा निबंध ‘नेचर बायोटेक्नॉलॉजी’त आला. फिलिपिन्सच्या तागालोग भाषेत ‘लुनास’ म्हणजे इलाज. त्यावरून हे नाव. थोडक्यात, बारशालाच निकाल जाहीर!

आता मूळ प्रयोग पाहा. लुनासिनचा जनुक प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या आत घातला, तेव्हा पेशींचं विभाजन अडलं. प्रयोग महत्त्वाचा होता, यात वाद नाही. पण तो सोयाबीन खाण्याचा प्रयोग नव्हता. खाल्लेला तुकडा पेशीपर्यंत पोचायचा तर वाटेत जठरातलं आम्ल आहे, पाचक रस आहेत, आतड्याची भिंत आहे. पुढच्या अभ्यासांत दिसलं की सोयाबीनमधलंच बोमन-बर्क नावाचं प्रथिन पचनाला आडवं येतं आणि त्यामुळे लुनासिन काही प्रमाणात वाचतं. ठीक आहे. पण पोटात तगून राहणं वेगळं आणि माणसाच्या आजाराला गुण येणं वेगळं. आढावा लेखांत या दोन गोष्टी एकाच वाक्यात बसवलेल्या असतात, आणि माझी पहिली तक्रार तीच आहे.

दुसरी तक्रार धान्यांची. 2002 मध्ये बार्लीत, म्हणजे आपल्या जवात, लुनासिन असल्याचं प्रसिद्ध झालं. पाठोपाठ गहू आला, राय आली. लेखांतली यादी लांबत गेली. मग 2013 मध्ये इंग्लंडच्या रॉदमस्टेड संस्थेतल्या मिचेल, लव्हग्रोव्ह आणि श्युरी यांनी साधा प्रश्न विचारला: या धान्यांत लुनासिन असेल, तर ते बनवणारा जनुक कुठे आहे? उपलब्ध जनुकीय माहिती धुंडाळली, तर तो सापडला नाही. नंतर इटलीत गव्हाची रासायनिक आणि जनुकीय तपासणी झाली, तिथेही लुनासिन मिळालं नाही. तरी ‘सोयाबीन, बार्ली, गहू, राय’ हे वाक्य एका लेखातून दुसऱ्या लेखात उतरतच राहिलं. दहा लेखांत एकच वाक्य दिसलं, की आपल्याला वाटतं दहा पुरावे झाले. प्रत्यक्षात तो एकच पुरावा दहादा छापलेला असतो.

यानं काय बिघडतं, असं कुणी विचारेल. एएलएस हा मज्जापेशींचा आजार घ्या. यात स्नायू हळूहळू निकामी होतात आणि आजार पूर्ण बरा करणारं औषध आजही नाही. अमेरिकेत अशा एका रुग्णाची लुनासिनयुक्त पूरकं घेत असताना प्रकृती सुधारली, आणि साहजिकच इतर रुग्ण तिकडे वळले. ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड बेडलॅक यांनी हे हसण्यावारी नेलं नाही. 50 रुग्णांवर वर्षभर चाचणी घेतली. आजाराची गती मंदावली नाही, आणि बद्धकोष्ठाचा त्रास मात्र बऱ्याच जणांना झाला. तोवर लोकांनी त्यावर पैसे घातले होते, आणि त्याहून मोलाचा असा वेळही.

पेप्टाइडपासून औषध होतच नाही, असं मी म्हणत नाही. रक्तदाबावरचं कॅप्टोप्रिल ब्राझीलच्या एका सापाच्या विषातल्या पेप्टाइडांच्या अभ्यासातूनच आलं. पण तिथे रेणू नव्यानं घडवला, मात्रा ठरवली, माणसांवर चाचण्या केल्या. ‘सापाचं विष रक्तदाबावर गुणकारी’ असं लिहून कुणी थांबलं नाही.

म्हणून पुढच्या वेळी असा लेख हाती आला की तीन गोष्टी शोधा. प्रयोग पेशींवर झाला, उंदरांवर की माणसांवर? मात्रा किती होती, आणि ती आपल्या वाटीभर उसळीतून मिळते का? आणि दावा मूळ कुठल्या निबंधातला आहे?

उसळ जरूर खा. प्रथिनं, तंतू, लोह यांसाठी ती चांगलीच आहे. तिच्याकडून इलाजाची अपेक्षा मात्र ठेवू नका.