फास्टर फेणे आणि संशयाची जात

शहापूर तालुक्यातल्या शेणवा परिसरात मी काही वर्षे शिक्षक होतो. शनिवारी शेवटच्या तासाला मुलांना गोष्ट वाचून दाखवायची, असा माझा परिपाठ होता. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे या तासाला बरेच दिवस चालला. वर्गात कुणबी, आगरी, बौद्ध, ठाकूर, कातकरी अशी सगळ्या वस्त्यांची मुले होती. फाफेने जिभेने ‘ट्टॉक’ केले की वर्गभर तोच आवाज उठे. एका शनिवारी फाफे कुणाच्या तरी मागावर निघालेला असताना मागच्या रांगेतला एक कातकरी मुलगा उठला आणि म्हणाला, “गुरजी, यो पोर लोकांचे मागं मागं फिरतं, त्याला कोनी धरीत कसा नाय?”

वर्ग हसला. मीही हसलो आणि पुढे वाचू लागलो. त्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तेव्हा राहून गेले. ते आज देऊ पाहतो.

आधी भागवतांचे ऋण मान्य केले पाहिजे. मराठी बालवाङ्मय जेव्हा बोधकथा, राजपुत्र आणि पऱ्या यांत घोटाळत होते, तेव्हा त्यांनी फुरसुंगीचा एक किडकिडीत पोरगा सायकलवर बसवून पुण्याच्या रस्त्यावर सोडला. हा बनेश फेणे ना पैलवान, ना राजपुत्र. त्याच्याजवळ चपळाई आहे, कुतूहल आहे आणि अंगावर संकट ओढवून घेण्याची खोड आहे. ज्यूल व्हर्न मराठीत आणणाऱ्या भागवतांची भाषा मुलांच्या पायांइतकी जलद धावते. वीस पुस्तकांची ही मालिका पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली, तिच्यावर दूरदर्शनची मालिका झाली, २०१७ मध्ये चित्रपटही आला. माझ्या पाड्यावरच्या मुलांनाही तो आवडला. म्हणून त्याला ‘पांढरपेशांचे वाङ्मय’ असा शिक्का मारून बाजूला सारणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

पण आवडणे वेगळे आणि त्यात आपण असणे वेगळे.

डिटेक्टिव्ह कादंबरीचा कणा कोणता? लेखक सांगतात, बुद्धी. मला तसे वाटत नाही. बुद्धी लागते, पण तिच्याआधी आणखी एक गोष्ट लागते. डिटेक्टिव्ह स्वतः संशयाच्या पलीकडे असावा लागतो. फाफे कुठेही उभा राहू शकतो, कुणाकडेही टक लावून पाहू शकतो, कुणाचाही पाठलाग करू शकतो. पकडला गेलाच तर खलनायकाकडून पकडला जातो, समाजाकडून नव्हे. आणि शेवटी मोठी माणसे, पोलिससुद्धा, त्याचे म्हणणे खरे मानतात. हा निर्धास्तपणा त्याने कमावलेला नाही. तो त्याला जन्माने मिळालेला आहे. म्हणूनच तो लेखकाला दिसत नाही, वाचकालाही दिसत नाही. माझ्या वर्गातल्या कातकरी मुलाला मात्र तो पहिल्या झटक्यात दिसला, कारण त्याच्याजवळ तोच नव्हता.

हे मला पुस्तकातून कळलेले नाही. काही आठवड्यांनी वर्गातल्या एका मुलीची कंपासपेटी हरवली. मी उत्साहाने म्हणालो, “चला, आज आपणच फाफे होऊ. शोधा!” पाच मिनिटांत माझे सगळे छोटे डिटेक्टिव्ह एकाच दप्तराभोवती गोळा झाले. दप्तर त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलाचे होते. पुरावा काय? काहीही नाही. कुणी शिकवले? कुणीही नाही. ते दप्तर मी माझ्या हाताने उघडले. आत एक वही, एक गलोल आणि कागदात बांधलेली भाकर होती. दुसऱ्या दिवशी कंपासपेटी त्या मुलीच्या घरीच सापडली. त्या मुलाला कुणी काही बोलले नाही. मीही बोललो नाही. दिवाळीनंतर त्याचे घर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेले. पावसाळ्याच्या तोंडाशी ते परतले, पण तो शाळेत परतला नाही.

मी स्वतः बौद्ध, आंबेडकरी चळवळीत वाढलेला. तरी माझा हात प्रथम त्याच दप्तराकडे गेला. संशयाला जात असते आणि ती आपल्या हातातही उतरलेली असते, हे मला त्या दिवशी कळले.

या संशयाला या देशात कायद्याचे रूपही मिळाले होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतःच चोर ठरवल्या आणि तो कायदा १९५२ मध्ये रद्द होईपर्यंत पिढ्या हजेरी देत राहिल्या. अण्णा भाऊ साठे यांची ‘फकिरा’ १९५९ ची, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ चे. ही दोन्ही पुस्तके मला डिटेक्टिव्ह कादंबरीची उलटी बाजू वाटतात. तिकडे तपास करणाऱ्याच्या खांद्यावरून जग दिसते, इथे ज्याच्या दारात तपास येऊन थडकतो त्याच्या उंबऱ्यातून. इंग्रजीतही वेगळे नाही. १९४२ पासून निघालेल्या एनिड ब्लायटनच्या ‘फेमस फाइव्ह’मध्ये संशयाचे बोट पुष्कळदा जिप्सींकडे आणि पालातल्या भटक्यांकडेच वळते.

आता दुसरा मुद्दा. मागावर निघण्याची विद्या कुणाची? जुन्या गावगाड्यात चोरी झाली की चोराचा माग शिवेपर्यंत काढण्याचे काम रामोशाकडे, मांगाकडे, महाराकडे असे. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष मानली जाई. म्हणजे या मातीतला पहिला डिटेक्टिव्ह गावकुसाबाहेर राहत होता. परंतु त्याची विद्या ही बुद्धी मानली गेली नाही, ती वेठ मानली गेली. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले ते ही वेठ मोडण्यासाठी. वतने कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्यानंतर. आणि ‘जातिनिर्मूलन’ या १९३६ च्या भाषणात बाबासाहेब सांगतात की पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू बांधावा लागे, आपल्या पावलाखालची धूळ झाडीत जाण्यासाठी. हे दोन्ही शेजारी ठेवून पाहा. दुसऱ्याच्या पावलाचा माग काढणे हे ज्याचे काम, त्याचे स्वतःचे पाऊल जमिनीवर उरता कामा नये! मराठी रहस्यकथेत आपले पाऊल का सापडत नाही, याचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही.

माझ्या वर्गातला तो मुलगाही माग काढणारा होता. ओढ्याकाठचे बीळ पाहून आत खेकडा आहे की साप, हे तो सांगे. बांधावरची उकरलेली माती पाहून उंदीर रात्री गेला की पहाटे, हे सांगे. भिंग न घेता केलेले हे निरीक्षण होते. पुण्यातल्या पोराने केले असते तर त्यावर प्रकरण लिहिले गेले असते.

कुणी म्हणेल, डिटेक्टिव्ह कादंबरीचा साचाच मध्यमवर्गीय आहे, तो सोडून द्या. हे मला पटत नाही. एरिख केस्टनर या जर्मन लेखकाने १९२९ मध्ये ‘एमिल आणि डिटेक्टिव्ह’ लिहिली. एमिल बापाविना वाढलेला. आई लोकांचे केस धुऊन, विंचरून घर चालवते. तिने कष्टाने साठवलेले १४० मार्क रेल्वेत चोरीला जातात, पण एमिल पोलिसांकडे जात नाही. गावातल्या पुतळ्याला त्याने मिशी काढलेली असते आणि त्याला वाटते, पोलिस आधी मलाच धरतील. बर्लिनच्या रस्त्यावरची पोरे एकत्र येतात आणि चोराला घेरतात. नोटांना टाचणीने पडलेली भोके हा पुरावा ठरतो. टाचणी त्यानेच लावलेली असते, पैसे हरवू नयेत म्हणून. गरिबाची काळजी हाच इथे पुरावा होतो. पोलिसांना भिणारा पोरगाही डिटेक्टिव्ह होऊ शकतो, हे केस्टनरने सिद्ध केले. मात्र एमिलच्या भीतीला एक पुतळा पुरला. आमच्या पोराच्या भीतीला त्याचे आडनाव पुरते. आणि एमिलचे अखेरीस ऐकून घेतले जाते. आमच्याकडे दलित-आदिवासींची तक्रार नोंदवून घ्यावी यासाठी अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ मध्ये अधिकाऱ्याचे ते कर्तव्य स्पष्ट लिहावे लागले.

तेव्हा प्रश्न भागवतांना विचारून भागणार नाही. तो आपल्यालाही विचारला पाहिजे. दलित साहित्याने बालपण लिहिले. ‘बलुतं’ (१९७८) आणि ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) यांत ते जळते बालपण आहे. पण ते आपण मोठ्यांसाठी लिहिले. मुलांच्या हातात द्यायला आपण फार थोडे निर्माण केले. वेदना लिहिणे आवश्यक होते, तरी दहा वर्षांच्या पोराला वेदनेबरोबर विजयही हवा असतो. त्याला धावायचे असते, शोधायचे असते, शेवटी जिंकायचे असते. ती भूक फाफेने भागवली, आपण नाही.

आणि रहस्यांचा इथे काय तोटा आहे? तानसा, भातसा ही मुंबईला पाणी पाजणारी धरणे शहापूर तालुक्यात. मग उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट का पाहावी लागते? वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. मग भट्टीमालकाच्या वहीतली उचल हंगाम संपला तरी फिटत का नाही? बेरीज-वजाबाकी येणारी एक पोरगी ती वही वाचू लागली, तर चोर कोण हे दहाव्या पानावर कळेल आणि उरलेली कादंबरी त्याला पकडण्याची असेल. या कादंबरीत डिटेक्टिव्हवरच प्रथम संशय घेतला जाईल. त्या संशयातून वाट काढीत तिला सत्यापर्यंत जावे लागेल. फाफेपेक्षा ही वाट अवघड आहे, म्हणून अधिक थरारकही आहे.

त्या मुलाने विचारले होते, त्याला कुणी धरीत कसे नाही? आज मी म्हणेन, बाळा, तो ज्या घरात जन्मला त्यामुळे. तुला धरतात, तेही त्याच कारणाने. तुझे दप्तर मी उघडले ते चूक होते. हे वाक्य मी त्याच दिवशी, सगळ्या वर्गासमोर उच्चारायला हवे होते.