एकाक्षरी वऱ्हाड

दाते-कर्वे प्रभृतींचा सात विभागांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ (१९३२–३८) आम्ही मराठीचें मोठें भांडार मानतों. परंतु समुद्रकांठच्या शब्दांस त्यांत कोंकणी, गोमंतकी, कुडाळी, राजापुरी अशा निरनिराळ्या खुणा आहेत. वऱ्हाडी शब्दांस बहुधा ‘व.’ हें एकच अक्षर. त्यावरून शब्द मेहकरचा कीं अमरावतीचा, हें कळत नाहीं. शिवाय नुसता अर्थही पुरत नाहीं. ग्रंथांतील ‘धुरा’ म्हणजे पुढारीपणाचा भार. मेहकरच्या शेतकऱ्याचा धुरा म्हणजे शेताचा बांध, ज्यावरून भावाभावांत कज्जे होतात. म्हणून गांव, धंदा व बोलणाऱ्याचें सबंध वाक्य यांसह शब्द टिपावा. कोळप्यास वऱ्हाडांत डवरा म्हणतात. ट्रॅक्टरापुढें तो मागें पडत आहे, आणि औत गेलें कीं त्याचे शब्दही जातात.