न उमटलेली रेघ

आइसलँडमधल्या क्राफ्ला ज्वालामुखीचे 1975 ते 1984 या काळात नऊ उद्रेक झाले, आणि त्याच सुमारास तिथे भूऔष्णिक वीजकेंद्राची उभारणी चालू होती. त्या धामधुमीतला पॉल आइनार्सन यांचा 1978 चा शोधनिबंध मी अजूनही चवीने वाचतो.

भूकंपालेखात आधी प्राथमिक लहर येते, टोकदार आणि ठसठशीत. पाठोपाठ मोठे हेलकावे घेत दुय्यम लहर यायची. क्राफ्लाच्या पोटाखालून आलेल्या काही नोंदींत तिच्या जागी जवळपास काहीच नाही. यंत्र बिघडलं म्हणावं, तर दुसऱ्या दिशेच्या भूकंपाची दुय्यम लहर त्याच यंत्रावर नीट उमटलेली असते. ही लहर द्रवातून जात नाही. म्हणजे वाटेत शिलारस आहे. कुठली लहर कुठे पोहोचली नाही, त्या वाटा ताडून पाहत आइनार्सन यांनी सुमारे 3 किलोमीटरवर माथा असलेला साठा हुडकला. गैरहजेरीची इतकी चोख साक्ष मी क्वचितच वाचली आहे.

जमिनीच्या पोटात डोकावायचा दुसरा मार्ग म्हणजे विद्युतरोधाची छेदचित्रं; ती इतकी सरळ नाहीत. वीज सहज वाहणारा भाग त्यांत बहुधा लाल रंगवतात आणि लाल म्हणजे तापलेलं असं समजून नवखा वाचक तिथेच फसतो. तो लाल पट्टा स्मेक्टाइट या चिकणमातीचा, आणि ती साधारण 200 अंशांपर्यंतच टिकते. त्याहून तापलं की क्लोराइट, एपिडोट तयार होतात आणि रोध पुन्हा वाढतो. विजेसाठी हवी ती वाफ पट्ट्याच्या खाली! त्यातही मेख आहे: ज्वालामुखी निवला तरी ही खनिजं तशीच राहतात. चित्र कधीकाळच्या उष्णतेचंही असू शकतं.

2009 मध्ये क्राफ्लाला साडेचार किलोमीटर खोल जायच्या बेताने विहीर खोदायला घेतली. 2.1 किलोमीटरवरच ड्रिल अडकलं आणि वर काचेचे तुकडे आले. सुमारे 900 अंशांचा रायोलाइट शिलारस लागला होता, तोच थिजून काच झाली होती. तो तिथे अपेक्षितच नव्हता. मी याला सर्वेक्षणाचं अपयश म्हणणार नाही. भूकंपलहरीची लांबीच काहीशे मीटर असेल, तर छोटा साठा तिच्या नजरेतून निसटणारच.

त्या विहिरीतून 450 अंशांची वाफ निघाली. 2012 मध्ये झडपा बिघडल्याने विहीर बंद करावी लागली. आता क्राफ्ला मॅग्मा टेस्टबेड या प्रकल्पात त्याच शिलारसापर्यंत मुद्दाम उतरायची तयारी आहे.